आधी उंची की आधी वेग?

पावसाळ्यात मुंबईवर वारा पश्चिमेचा असतो. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं, त्यामुळे या दिवसांत बहुतेक विमानं पूर्वेकडून येतात. खारघरचे डोंगर, ठाण्याची खाडी, घाटकोपर, जरीमरीची छपरं आणि लगेच २७ क्रमांकाच्या धावपट्टीचं टोक. साकीनाक्याच्या एखाद्या उंच गच्चीवरून ही रांग नीट दिसते.

आमच्या इमारतीत एक निवृत्त कॅप्टन राहतात. त्यांची उमेदीची वर्षं बोइंग ७३७-२०० वर गेली. त्यांची भाची आज ए३२० निओवर फर्स्ट ऑफिसर आहे. रविवारी ती आली की गच्चीवर चहा होतो आणि वादही होतो. वाद नेहमी एकाच ठिकाणी येतो: जेट विमान खाली आणताना आधी उंची कमी करायची की आधी वेग? प्रश्न वैमानिकांचा आहे, पण ज्यांच्या छपरांवरून ही विमानं जातात त्या जरीमरी-असल्फ्याच्या माणसांचाही आहे. म्हणून तो इथे मांडतो आहे.

अडचण अशी, की जेट विमान फार गुळगुळीत असतं. नाक खाली केलं की ते उतरतं, पण वेगही वाढतो. नाक वर धरलं की वेग कमी होतो, पण उतरणं थांबतं. इंजिनं अगदी आयडलवर, म्हणजे कमीत कमी जोरावर, आणली तरी ती थोडं पुढे ढकलतच राहतात. म्हणजे ‘खाली ये’ आणि ‘हळू हो’ या दोन आज्ञा विमानाला एकदम देता येत नाहीत. एक आधी, दुसरी मागून.

मामा : तीनचा पाढा पाठ असला की निम्मं काम झालं. हजार फुटांना तीन सागरी मैल. ३६,००० फुटांवर आहेस, तर १०८ मैल. वेग उतरवायला आणखी दहा-बारा धर. झाले १२० मैल. सरळ पूर्वेकडून येत असशील तर अहिल्यानगरच्या पलीकडेच खाली सुटायचं.

भाची : पाढा बरोबर आहे, पण तो शांत हवेचा आहे मामा. पावसाळ्यात वर पूर्वेचा जोरदार वारा असतो, तो पाठीमागून ढकलतो. ढगात शिरलं की इंजिनाचं अँटी-आइस लावावं लागतं, मग आयडलचाही जोर वाढतो आणि उतार आडवा होत जातो. त्यातून कंट्रोलरने मधले पंधरा मैल कापून सरळ फायनलवर पाठवलं, की पाढा गेला पाण्यात.

मामा : शॉर्टकट दिला की सगळे खूश. केबिनमध्ये कोणाला कळत नाही की पंधरा मैल कापले म्हणजे पाच हजार फूट उतरायची जागाच गेली.

भाची : मग आता तूच सांग. उंच राहिलास. काय करशील?

मामा : नाक खाली. वेग वाढू दे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, हे शाळेतलं आहे. ३०० नॉटला पंखावरचा स्पीडब्रेक जसा चावतो तसा २२० ला चावत नाही. वेगात असतानाच उंची खाऊन टाकायची. खाली पोचलं की सपाट उडायचं आणि वेग गळू द्यायचा. सपाट उडताना मैलाला साधारण १० नॉट गळतात. आधी उंची, मग वेग. आम्ही आयुष्यभर हेच केलं.

भाची : ते वर चालतं. दहा हजार फुटांखाली २५० नॉटची मर्यादा लागते. तिथे तुझी युक्ती संपते आणि मुंबईची गर्दी सुरू होते. तिथून खाली मी उलटं करते. आधी वेग, मग उंची.

मामा : सपाट उडून वेग कमी करणार, तेवढ्यात उतरायची ठरलेली वाट तुझ्या पोटाखालून निघून जाणार. आधीच उंच, त्यात आणखी उंच.

भाची : दोन मैल तसं दिसतं, कबूल. पण वेग कमी झाला की फ्लॅप मिळतात, चाकांचा गिअर सोडला की विमान खरंच अडतं. मिनिटाला किती फूट उतरतोय हे बघून फसायला होतं. बघायचं मैलाला किती फूट उतरतोय ते. समज, तू २५० नॉटवर मिनिटाला २,००० फुटांनी चाललायस. मिनिटात चार मैलांहून जास्त कापलेस. मैलाला मिळाले ४८०. मी गिअर आणि फ्लॅप सोडून १६० नॉटवर मिनिटाला १,५०० नेच उतरते, पण मला मैलाला ५६० मिळतात. काटा तुझा मोठा, उतार माझा तीव्र.

इथे कॅप्टन थोडे थांबले. आकड्यांशी ते भांडत नाहीत. मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर स्वतःचा हिशेब मांडला. वेग म्हणजेही साठवलेली उंची असते. २५० नॉट म्हणजे सुमारे २,७५० फुटांवरून सोडलेल्या वस्तूला जमिनीशी जेवढा वेग येईल तेवढा, हवेचा अडथळा सोडून. १४० नॉट, म्हणजे ए३२० टेकताना जवळपास जेवढा वेग असतो तो, म्हणजे साडेआठशे-नऊशे फूट. दोन्हींमधला फरक १,९०० फुटांचा. अल्टिमीटर तीन हजार दाखवत असेल आणि वेग २५० असेल, तर वैमानिकाने मनात पाच हजारांच्या जवळ आहोत असंच धरायला हवं. मला हा हिशेब फार महत्त्वाचा वाटतो, कारण उंच आणि वेगवान या दोन तक्रारी नसून एकच आहे, हे त्यात दिसतं. सगळा वाद मग इतकाच उरतो, की हे जास्तीचं साठलेलं कुठे टाकायचं.

मामा : खैरानी रोडला माल भरलेली हातगाडी उतारावर येते, बघितलीस? हमाल उतार सुरू व्हायच्या आधीच मागे रेलतो. उतारात शिरल्यावर रेलून उपयोग नाही. एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्ही पोरं सगळं शेवटच्या दहा मैलांवर ठेवता, मग गिअर लवकर सोडता. सगळ्या घाटकोपरला आवाज, आणि इंजिनं वर चढवून इंधन जाळत सपाट ओढत न्यायचं.

भाची : लवकर गिअर सोडणं महाग आहे, मान्य. रोज करायची गोष्ट नाही. पण फ्लॅपपेक्षा बरं. फ्लॅप हे उतरण्यासाठी लागणारी उचल देतात, ब्रेक म्हणून वापरायला केलेले नाहीत. वेगाच्या मर्यादेवर सोडत राहिलं तर झिजतात. अडथळाच हवा असेल तर स्पीडब्रेक, नाहीतर गिअर.

मामा : स्पीडब्रेक! पंख थरथरतात, मागच्या सीटवरची आजी देवाचं नाव घेते. आमच्या वेळी स्पीडब्रेक ओढावा लागला म्हणजे आधी कुठेतरी हिशेब चुकला, असं समजायचे.

भाची : कंट्रोलरने चुकवलेला हिशेबही त्यात आला. मग ओढायला लाज कसली? हात मात्र लिव्हरवर ठेवायचा, विसरून जायचं नाही.

साधनं पूर्वी आणखी रांगडी होती. डीसी-८ विमानाला वेगळे स्पीडब्रेक नव्हते. आतल्या बाजूच्या दोन इंजिनांचा जोर हवेतच उलटा फिरवून ते खाली आणत. आज प्रवासी जेटमध्ये अशी कल्पनाही कोणी करणार नाही. अशाच एका डीसी-८ ची आठवण जुन्नर भागात अजून आहे. ७ जुलै १९६२ ला अलितालियाचं विमान मुंबईकडे येताना जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं आणि आतले सगळे ९४ जण गेले. आपण मुंबईच्या जवळ आलो या समजुतीने ते वेळेआधी खाली आलं होतं. त्याच्याही आधी, १२ जुलै १९४९ ला, केएलएमचं कॉन्स्टेलेशन पावसाळी ढगांत सांताक्रूझ शोधताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळलं. ४५ माणसं गेली, त्यांत १३ अमेरिकी पत्रकार होते. ‘आधी उंची’ म्हणणाऱ्याने या दोन तारखा मनात ठेवाव्यात. उंची टाकून देणं सोपं असतं. मुंबईच्या पूर्वेला डोंगर आहेत आणि पावसाळ्यात ते दिसत नाहीत.

भाची : आणि १९८२?

मामा : ते मी विसरणार नाही. नवा होतो मी तेव्हा. एअर इंडियाचं ७०७, क्वालालंपूरहून मद्रासमार्गे. २१ जूनची रात्र, धो धो पाऊस. १७ जण गेले. टेकायच्या बारा सेकंद आधी इंजिनांची ताकद कमी केली गेली, उंचीचं भान सुटलं होतं, असा निष्कर्ष निघाला. विमान धावपट्टीच्या अलीकडेच आपटलं.

भाची : म्हणजे हळू करायची घाई.

मामा : घाई म्हण, भान सुटलं म्हण. पण जुन्या इंजिनाचं हे लक्षात ठेव. आयडलवरून पूर्ण जोर यायला सात-आठ सेकंद लागत. तू थ्रॉटल पुढे ढकललास तरी इंजिन लगेच ऐकत नसे. अमेरिकेत १९६५ ला सॉल्ट लेक सिटीत ७२७ असंच गेलं. फार जोरात उतरत होतं, ताकद मागितली ती उशिरा. ४३ माणसं. म्हणून आम्हाला शिकवलं होतं, खाली आलास की इंजिनं जागी पाहिजेत. हवा तेवढा अडथळा लाव, पण इंजिनं जागी ठेव.

दोघांचं एकमत झालं ते इथेच. शेवटच्या टप्प्यात विमान आयडलवर घसरत नेऊ नये. फ्लॅप आणि गिअर पूर्ण बाहेर, वेग ठरलेला, इंजिनं थोडा जोर लावत असलेली, आणि मिनिटाला हजार फुटांपेक्षा जास्त उतरणं नाही. याला स्टेबल अप्रोच म्हणतात. ढग-पाऊस असेल तर हे सगळं जमिनीपासून १,००० फुटांवर जमलेलं असावं, मोकळ्या हवेत ५०० वर. नसेल तर वर निघून जायचं, म्हणजे गो-अराउंड.

तीन अंशांच्या उताराचा हिशेब नकाशावर घातला तर हे दोन आकडे आपल्या ओळखीच्या जागी येतात. १,००० फूट म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून सुमारे तीन मैल, म्हणजे खाडीच्या काठची खारफुटी. ५०० फूट म्हणजे जवळपास घाटकोपर स्टेशन. खाडीपासून घाटकोपरपर्यंतचं अंतर विमान पाऊण मिनिटात कापतं. अनस्टेबल आलेल्या विमानातल्या दोघांना विचार करायला मिळते ती एवढीच सवड, आणि खाली लोकल भरभरून चाललेली असते.

भाची : म्हणून माझं म्हणणं आहे की खरा वाद उंची आणि वेगाचा नाहीच. तुझ्या पद्धतीने आलास काय, माझ्या पद्धतीने काय. खाडीवर जमलं नाही, तर ते मान्य करायचं की नाही, हा वाद आहे.

मामा : ते कोण अमान्य करतंय?

भाची : मंगळूरला केलं. २२ मे २०१०. दुबईहून आलेलं ७३७. त्या वेळी तिथलं रडार बंद होतं, उतरायला उशिरा सांगितलं गेलं, कॅप्टन बराच वेळ झोपून उठलेला. फायनलवर विमान असायला हवं त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर होतं. तुझीच युक्ती लावली, नाक खाली. आठ हजार फुटांच्या धावपट्टीवर पाच हजार दोनशे फूट सोडून टेकलं. टेबलटॉप धावपट्टी, पुढे दरी. १५८ माणसं गेली, आठ वाचली. आणि फर्स्ट ऑफिसर ‘गो-अराउंड’ म्हणत होता मामा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

मामा : एअर मार्शल भूषण गोखल्यांच्या समितीचा अहवाल आहे तो. वाचलाय मी. माझी युक्ती सव्वाशे मैलांवरची आहे, चार मैलांवरची नाही. तिथे नाक खाली घालणं म्हणजे उंची विकून वेग विकत घेणं, आणि तो वेग ठेवायला जागा नाही.

भाची : आणि कोळिकोड. ७ ऑगस्ट २०२०.

यावर कॅप्टन बराच वेळ बोलले नाहीत. त्या विमानाचे कॅप्टन दीपक साठे आपल्याच पवई भागात राहत. वायुदलातून आलेले, नावाजलेले वैमानिक. त्या रात्री पाऊस होता, पाठीमागून वारा होता, एकदा उतरायचा प्रयत्न सोडून दुसरा चालला होता. धावपट्टी ८,८५८ फुटांची, विमान जवळपास मध्यावर टेकलं आणि पुढच्या उतारावरून खाली गेलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. अनस्टेबल अप्रोच पुढे चालू ठेवणं आणि फर्स्ट ऑफिसरने ‘गो-अराउंड’ म्हटल्यावरही उतरणं, हे तपास अहवालाने संभाव्य कारण म्हणून नोंदवलं. मला हे लिहिताना जड जातं. पण इतका जाणता हातसुद्धा अशा रात्री ओढला जातो, हे सांगितलं नाही तर त्या अहवालाचा काही उपयोग नाही. कौशल्य कमी असलेल्यांचाच हा प्रश्न असता तर तो प्रशिक्षणाने केव्हाच सुटला असता.

मामा : दोषच द्यायचा तर आम्हा सगळ्यांना दे. आमच्या पिढीत विमान वाचवून आणणाऱ्याचं कौतुक व्हायचं. वर निघून गेलेल्याला विचारायचे, काय झालं रे? एवढं इंधन का जाळलंस?

भाची : आता नियमाने गो-अराउंडला शिक्षा नाही. पण प्रश्न शिक्षेचा नाही रे. मी बावीस हजार तास उडालेल्या माणसाशेजारी बसते. त्याला ‘सर’ म्हणते. घरी तुला अरे-तुरे करते, वाद घालते. तिथे ‘सर, आपण उंच आहोत’ एवढं म्हणायला कधी कधी घसा कोरडा पडतो. म्हणून मी आकडा सांगते, मत सांगत नाही. ‘बारा मैल, सहा हजार, दोनशे पन्नास.’ आकड्यावर रागावता येत नाही.

मामा : चांगलं आहे. मग हाच आकडा घेऊ. बारा मैल, सहा हजार फूट, २५० नॉट. मुंबई, २७, पाऊस. सांग.

भाची : बारा मैलांवर साधारण ३,८०० फूट हवेत. २,२०० ने उंच आहोत. वेगाचे १,९०० धरले तर चार हजारांच्या वर जास्तीचं. तुझ्या पद्धतीने नाक घातलं तर खाडीवर उंची बरोबर मिळेल, वेग २४०. माझ्या पद्धतीने लगेच गिअर, स्पीडब्रेक, सपाट उडून वेग तोडला, तर तीन-चार मैल त्यातच जातील. उरलेल्या पाच-सहा मैलांत पाच हजार फूट कसे उतरणार? दोन्ही पद्धती नापास. दहा मैल मागायचे.

मामा : गर्दीच्या तासाला? दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते, तासाला चाळीसहून जास्त विमानं चढतात-उतरतात. तुझ्या मागे पाच मैलांवर दुसरा आहे.

भाची : मागितलं की देतात. मागायचं मात्र लवकर. बारा मैलांवर ‘अनेबल, थोडे मैल वाढवून द्या’ म्हटलं, तर कंट्रोलर रांगेतून बाहेर काढून पुन्हा आत घालतो. पाच मैलांवर म्हटलं तर त्याच्याकडेही द्यायला काही नसतं. मग गो-अराउंडच.

मामा : आणि शेजारचा म्हणाला, जमेल गं?

भाची : खाडीपर्यंत मी आकडे सांगेन. खाडीवर नाही जमलं तर ‘गो-अराउंड’. दुसऱ्यांदा म्हटल्यावरही उत्तर नाही, तर ‘आय हॅव कंट्रोल’.

मामा : ७३७ मध्ये दोघांचे योक एकमेकांना जोडलेले असतात. तिथे हिसकावणं म्हणजे ताकदीची झुंज, तीही जमिनीजवळ. मंगळूर-कोळिकोडच्या पोरांना हे करायला हवं होतं असं इथे चहा पिता पिता म्हणणं सोपं आहे.

भाची : एअरबसमध्ये साइडस्टिक वेगवेगळ्या. दोघांनी हलवल्या तर दोघांची बेरीज होते, तेही वाईटच. पण लाल बटण दाबून धरलं की समोरचा बाजूला होतो.

मामा : बटण आहे, पण दाबायची सवय आहे का? सिम्युलेटरमध्ये हे कितीदा घेतात? आणि गो-अराउंड तरी कसा घेतात? एक इंजिन बंद, अगदी खालची उंची, ठरलेलं नाटक. खरे गो-अराउंड तसे होतातच कुठे? दोन्ही इंजिनं धडधाकट, पोट रिकामं, दीड-दोन हजार फुटांवर. थ्रॉटल पुढे टाकला की विमान रॉकेटसारखं सुटतं आणि थांबायची उंची अर्ध्या मिनिटात येते. तिथे दोघं गोंधळतात. मागे ए३२० चालवताना मला स्वतःला वाटायचं, उतरण्यापेक्षा हे चढणं अवघड. माणूस गो-अराउंड टाळतो तो अभिमानाने टाळतो असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, त्यात सरावाचा अभावही असतो. ज्याची सवय नाही ते माणूस शेवटच्या पाऊण मिनिटात निवडत नाही.

भाची : हे मात्र खरं आहे. पुढच्या चेकच्या आधी मी इन्स्ट्रक्टरकडे मागणार आहे. बारा मैल, सहा हजार, पाऊस, वर शेजाऱ्याने मुद्दाम ऐकायचं नाही. आणि दीड हजारांवरून दोन्ही इंजिनांचा गो-अराउंड, निदान तीनदा.

मामा : तीनदा नको. येईपर्यंत कर.